रस्त्यात काय पाहिलंत?

नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. एसटीने साधारण चार तास लागतात, घरची गाडी असेल तर त्याहून कमी. दोन्हीकडे सोयरिकी असलेली आपली घरे पुष्कळ. लग्न, मयत, दवाखाना, कोर्टकचेरी, मुलांचे क्लास, कशाच्या ना कशाच्या निमित्ताने हा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा झाला आहे. पण त्या रस्त्यावर काय आहे, असे कुणी विचारले तर बहुतेकांना बसस्थानके तेवढी सांगता येतील.

आम्ही दरवर्षी हिवाळ्यात एकदा या रस्त्याने जातो ते आमच्या सरांना भेटायला. सर म्हणजे मराठीचे सर. नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, उर्दू माध्यमाच्या शाळेत त्यांची सारी नोकरी झाली. आम्ही नवरा-बायको दोघेही त्यांचेच विद्यार्थी, दोन इयत्ता पुढे-मागे. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांना मराठी परकी वाटू नये म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. हे मासिक आज आमच्या घरात न अडखळता वाचले जाते, ते त्यांच्यामुळे.

सोमवारी पहिल्या तासाला ते वहीत पाच ओळी लिहायला लावत. विषय ठरलेला: शाळेत येताना रस्त्यात काय पाहिलंत? 'कुत्रा पाहिला' असे कुणी लिहिले की ते विचारत, "कसला? बसलेला की चालणारा? कुणाच्या दारात?" या पाच ओळींसाठी आम्ही मुले रस्ता बघत बघत शाळेत जाऊ लागलो. वाचून झाले की सर म्हणत, "आता एक मिनिट गप्प बसा. पोटात उतरू द्या."

निवृत्तीनंतर सर आपल्या मूळ गावी गेले. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात, किल्लारीच्या परिसरात त्यांचे गाव आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने हात-पाय बरेचसे सुधारले, पण जीभ जड झाली. एक वाक्य पुरे करायला वेळ लागतो, मध्येच शब्द अडतो. भेटायला आलेली माणसे अवघडतात, सरांचे वाक्य आपणच पुरे करतात आणि पंधरा मिनिटांत उठतात, असे त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितले होते. या वेळी निघताना आम्हालाही हीच काळजी होती. ज्यांच्या बोलण्यासाठी आपण इतकी वर्षे जात आलो, ते बोलू शकत नसतील तर त्यांच्यासमोर बसायचे कसे?

आम्ही येतो आहोत हे कळवायला फोन केला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "अब्बांनी एकच सांगायला लावलंय. दमानं या."

दोन दिवस, एसटीने

सरांचा शब्द आम्ही शब्दशः घ्यायचे ठरवले. एका दिवसात जाऊन येण्याऐवजी शनिवार-रविवार असे दोन दिवस काढले. गाडी भाड्याने न करता एसटी पकडली. महिलांना अर्धे तिकीट आणि धाकट्यालाही अर्धे, त्यामुळे खिशालाही ते परवडले. आणखी दोन गोष्टी ठरल्या. मोबाइल पिशवीत राहील, फक्त थांब्यावर बाहेर निघेल. आणि कुठेही थांबलो तर पुढची पहिली गाडी सोडायची, दुसरीने जायचे. आठवीतल्या मोठीला आम्ही एक लहान वही दिली. पाच ओळी तिने लिहायच्या आणि सरांना वाचून दाखवायच्या.

फजरनंतर देगलूर नाक्यावरून निघालो. बसस्थानकाच्या परिसरात त्या वेळी पंजाबहून आलेले यात्रेकरू दिसतातच. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे निधन याच गोदाकाठी झाले आणि तेव्हापासून नांदेड हे शीख बांधवांचे मोठे श्रद्धास्थान आहे. रात्रभर रेल्वेत बसून आलेली एक वयस्कर जोडी बाकावर बसून स्टीलच्या डब्यातले पराठे खात होती. इतक्या लांबून आलेली ती माणसे अजिबात घाईत नव्हती.

गोदावरीच्या पुलावर दाट धुके होते. पुढे लातूर फाटा आणि विष्णुपुरी. नांदेड ज्या पाण्यावर जगते तो विष्णुपुरीचा जलाशय इथलाच. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही इथेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या एका संन्यासी शिक्षकाचे नाव त्याला दिले आहे. सोनखेड गेले, लोहा आले. आम्ही लोह्याला उतरलो आणि कंधारची गाडी धरली.

कंधारचा खंदक

कंधार लातूरच्या वाटेवर नाही, थोडे आत आहे. म्हणूनच बहुतेक प्रवासी ते बाजूला टाकून पुढे जातात. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव. त्यांच्याच काळातल्या तलावाला जगत्तुंग सागर म्हणतात. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम, असे राज्य बदलत गेले, किल्ला राहिला. किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे आणि त्यात पाणी असते.

कंधारमध्येच हजरत हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. 'सय्याह' म्हणजे फिरणारा, प्रवासी. एका प्रवाशाच्या नावाने गाव ओळखले जावे आणि आपण प्रवासात असताना तिथे सलाम करावा, हे आम्हाला छान वाटले. मोठीने हा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

खंदकाच्या काठावर आम्ही डबा उघडला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शांत जागी जाऊन बसले की मन लगेच शांत होते, असे नाही. पहिली दहा मिनिटे धाकटा मोबाइल मागत होता. आमच्या दोघांच्या डोक्यात गॅस बंद केला का, सोमवारची फी, ऑफिसातली फाइल, असे सगळे चालू होते. मग धाकट्याला समोरच्या दगडावर पाणकावळा दिसला. दोन्ही पंख पसरून तो उन्हात वाळवत होता. "अब्बा, तो उडत का नाही?" त्याने विचारले. "पंख ओले आहेत म्हणून." "मग किती वेळ बसणार?" "वाळेपर्यंत."

धाकटा पक्ष्याकडे बघत राहिला आणि त्याच्याकडे बघत आम्ही. वीस मिनिटे गेली असतील. त्या वेळात कुणी काही बोलले नाही, आणि कुणाला बोलावेसेही वाटले नाही. गॅस आणि फाइल दोन्ही आपोआप मागे पडले. घरातल्या चौघांनी मिळून एकाच गोष्टीकडे इतका वेळ पाहिल्याचे आम्हाला अलीकडे आठवत नव्हते.

जोहर कंधारलाच पढलो. सफरातल्या माणसाला दीनने सवलत दिली आहे. जोहर, अस्र आणि इशाचे चार फर्ज दोनवर येतात. ही सवलत आपण सगळे जाणतो. पण त्या दिवशी तिची दुसरी बाजू लक्षात आली. नमाज छोटी झाली, तरी थांबणे माफ झालेले नाही. गाडी कितीही वेगाने जाणारी असो, दिवसात ठरावीक वेळी उतरायचे आहे, पाण्याने हात-तोंड धुवायचे आहे, कपाळ जमिनीला टेकवायचे आहे. प्रवासातला विसावा आपल्याला वेगळा शोधावा लागत नाही. तो वेळापत्रकात आधीच लिहिलेला आहे.

अहमदपूरचे दार

लोह्याला परत येऊन लातूरची गाडी मिळाली. लोह्यापुढे माळेगाव लागते. मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा इथे भरते आणि घोडे, उंट, गाढवांचा बाजार दूरदूर प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो तेव्हा यात्रा सुरू व्हायची होती, मैदान रिकामे होते. सोयाबीन निघून गेलेली काळी शेते, मधूनमधून हरभऱ्याची हिरवी चादर आणि कडेला तुरीचे उंच पट्टे. बालाघाटाच्या डोंगररांगांमुळे रस्ता वर-खाली होत जातो.

हा प्रवास सुखाचाच होता असे मात्र कुणी समजू नये. गाडी खचाखच भरलेली होती. मागच्या सीटवर कुणीतरी मोठ्या आवाजात रील बघत होते. धाकट्याला उलटी झाली. प्रवास हा त्रासाचाच एक भाग आहे, तो माणसाचे खाणे, पिणे आणि झोप हिरावतो, अशा अर्थाची हदीस आपल्याकडे प्रसिद्ध आहे. ती खोटी कशी ठरेल? त्रास होताच. पण त्रासाच्या मधोमधही लहान लहान मोकळ्या जागा असतात, आणि पुढच्या स्थानकावरच डोळा ठेवला की त्या निसटतात.

अस्रसाठी अहमदपूरला उतरलो. इथे आमच्या बहिणींना नेहमी येणारी अडचण आली. पुरुषांना मशीद मिळते, बायका-मुलींनी नमाज पढायची कुठे? या रस्त्यावर बायकांसाठी वेगळी सोय असलेल्या मशिदी सहज सापडत नाहीत. मशिदीच्या गल्लीत आम्ही थबकलो तेव्हा शेजारच्या घरातल्या एका वृद्ध बाईंनी ओट्यावरूनच हाक दिली, "बेटा, ऐसे क्या खडे? अंदर आओ, नमाज पढ लेव." आम्ही कोण, कुठले, कुणाचे, हे काही न विचारता त्यांनी अंगणातला नळ दाखवला, जानमाज झटकून अंथरली आणि स्वतः दाराशी जाऊन बसल्या. नमाज झाल्यावर चहा आला. तेव्हा कुठे त्यांनी विचारले, "कां जारे?" सरांना भेटायला जातोय म्हटल्यावर त्यांनी धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उस्ताद के पास जाना बोले तो सवाब का काम. आस्ते जाव."

ओळखीपाळखीविना उघडलेले ते दार आणि तो चहा. कारने आलो असतो तर अहमदपूर खिडकीतून गेले असते.

विसाव्याचा खडक

अहमदपूरहून लातूरची गाडी यायला अर्धा तास होता. त्या बाकावर बसून आम्ही मुलांना सूरह कहफमधली हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची हकीकत सांगितली. जुम्म्याला आपल्या अनेक घरांत ही सूरह पढली जाते, त्यामुळे हकीकत नवी नाही. पण एका उस्तादाकडे जाताना ती सांगताना तिच्यातला एक तपशील आमच्यासमोर वेगळाच उभा राहिला.

हजरत मूसा एका ज्ञानी बंद्याला भेटायला निघाले. कितीही काळ चालावे लागले तरी चालेन, असा त्यांचा निश्चय होता. बरोबर तरुण सोबती होता आणि शिदोरीत मासळी होती. दोन समुद्र जिथे मिळतात तिथे एका खडकापाशी ते विसावले. मासळी तिथेच पाण्यात निघून गेली, पण ही गोष्ट विसरली आणि दोघे पुढे चालू लागले. पुढे गेल्यावर थकवा जाणवला, न्याहारी मागितली, तेव्हा सोबत्याला खडकाची आठवण झाली. मूसा म्हणाले, तीच तर आपली जागा. दोघे आपल्याच पावलांच्या खुणांवरून मागे फिरले आणि तिथे त्यांना तो बंदा भेटला. परंपरेने त्यांना आपण हजरत खिज्र म्हणतो.

म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा प्रवास, ते भेटले कुठे? आणखी पुढे नाही. जिथे विसावा घेतला होता, त्याच खडकापाशी. आणि भेटल्यावर पहिली अट कोणती? सब्र. मी सांगेपर्यंत काही विचारायचे नाही. तफसीरकारांनी या हकीकतीतून केवढे तरी अर्थ काढले आहेत. आम्ही काही आलिम नाही. पण बसस्थानकाच्या बाकावर आम्हाला एवढे नक्की उमगले की उस्तादाला भेटायची तयारी त्याच्या दारात सुरू होत नाही, ती वाटेत होते.

मोठीने विचारले, "म्हणजे सर काही बोलले नाहीत तरी आपण गप्प बसायचं?" आम्ही म्हटले, "बघू."

चाकूरच्या पुढे, आष्टामोडच्या आधी सूर्य मावळला. सगळी गाडी तेवढ्यापुरती लाल झाली.

एक तांब्या पाणी

लातूरला उतरून मगरिब पढलो आणि गंजगोलाईला एक फेरी मारली. हैदराबादचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी या चौकाचा आराखडा केला. मधली दुमजली गोल इमारत १९१७ मधली. सोळा रस्ते या गोलात येऊन मिळतात, मध्यभागी अंबादेवीचे मंदिर आहे आणि भोवताली सराफा, कापड, भांडी, मसाले. इथे चुकण्याची भीती नाही. गोल फिरत राहिले की आपला रस्ता पुन्हा समोर येतो.

रात्री मुक्काम खालाच्या घरी. खालाकडे नळ आहे, पण तिच्या घरात वुजू नळाखाली होत नाही, तांब्याने होतो. त्याला कारण २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांवर गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. ती रेल्वे बघायला माणसे स्टेशनवर जमली होती, असे खाला सांगते. त्या वर्षी तिने एका तांब्यात वुजू करायची सवय लावली आणि पुढे पाऊस चांगला झाला तरी सोडली नाही.

फजरला आम्ही तिच्या बाजूला बसून वुजू केला. तांब्याने करायचा म्हटले की घाई चालत नाही. पाणी किती घ्यायचे, कुठे पोचवायचे, याकडे लक्ष द्यावे लागते. ओल्या हाताला पहाटेची थंड हवा लागते. रोज पाच वेळा करायची गोष्ट, तीच, पण सावकाश केली की वेगळी वाटते. तांब्यात उरलेले घोटभर पाणी खालाने कढीपत्त्याच्या झाडाला घातले. मग खिचडी, खट्टा आणि खिमा असा नाश्ता झाला आणि आम्ही औशाची गाडी पकडली. औसा, तिथला किल्ला, पुढे किल्लारी आणि शेवटी काळी-पिवळी जीपने सरांचे गाव.

सरांच्या अंगणात

या भागात पाऊल टाकले की १९९३ आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपेतच हजारो माणसे गेली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे पुढे नव्या जागी वसवली गेली. सरांचे गाव त्यांपैकीच एक आहे. सरळ, रुंद रस्ते, एकमेकांपासून अंतर ठेवून बांधलेली घरे, आणि तीस वर्षांत लोकांनी आपापल्या सोयीने जोडलेले पत्र्याचे शेड. पुनर्वसनाच्या वेळी लावलेली कडुलिंबे आता घरापेक्षा उंच झाली आहेत. अशाच एका कडुलिंबाखाली सर खाटेवर बसले होते.

सलाम झाला. हात हातात घेतला. सर आमच्याकडे बघून हसले, मग मुलांकडे बघितले. बोलायला सुरुवात केली.

"रस्त्यात..."

शब्द अडला. सरांच्या ओठांची हालचाल चालू होती. पुढचे शब्द आम्हाला दोघांनाही ठाऊक होते, लहानपणापासून. पण ते आम्ही पुरवले नाहीत. वर कडुलिंबात साळुंक्या भांडत होत्या. सूनबाई दारात उभ्या राहिल्या. तो वेळ किती होता, सांगता येत नाही. अवघडल्यासारखे मात्र वाटले नाही. कालच्या खंदकावरच्या वीस मिनिटांसारखेच ते होते.

"...काय पाहिलंत?"

मोठीने वही काढली आणि वाचले:

"नांदेडच्या पुलावर धुके होते, नदी दिसली नाही, फक्त पाण्याचा वास आला. कंधारच्या खंदकात एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता, तो वाळेपर्यंत उडाला नाही. अहमदपूरच्या दादीने जानमाज झटकली तेव्हा त्यातून कडुलिंबाचे पान पडले. चाकूरच्या पुढे सूर्य तुरीच्या शेतात बुडाला. खालाने तांब्यातले उरलेले पाणी कढीपत्त्याला घातले."

सरांनी डोळे मिटले. आम्ही समजलो, एक मिनिट गप्प बसायचे आहे. धाकटाही बसला. मग डोळे उघडून सरांनी एकच शब्द विचारला, "वारा?"

मोठीला कळेना. सरांनी हाताने खूण केली: कुठून होता? तिने मान हलवली. "जाताना... बघ," सर म्हणाले.

त्या दुपारी तीन तास आम्ही तिथे होतो. सर बोलले असतील जेमतेम वीस-पंचवीस वाक्ये. पण त्यातली काही आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. भूकंपाच्या दिवशी सर नांदेड जिल्ह्यात नोकरीवर होते. धक्के तिथेही जाणवले होते. सकाळी बातमी कळली आणि मिळेल त्या वाहनाने ते निघाले. याच रस्त्याने. गावी आई होती, धाकटा भाऊ होता. दोघेही वाचले नव्हते, पण वाटेत सरांना ते माहीत नव्हते.

"त्या दिवशी," सर थांबत थांबत म्हणाले, "हा रस्ता... मी पाहिला नाही. एक झाड... आठवत नाही." पाच ओळींचा अभ्यास ते त्याआधीही देत असत. पण त्या दिवसानंतर तो त्यांच्यासाठी केवळ भाषेचा अभ्यास राहिला नाही. डोळे उघडे असूनही काहीच दिसू नये असा दिवस माणसाच्या आयुष्यात येतो, तो कुणाला चुकत नाही. म्हणून जे दिवस तसे नाहीत, त्या दिवशी बघून घ्यावे. त्यांचे म्हणणे एवढेच होते. ते सांगायला त्यांना दहा मिनिटे लागली.

मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि दही आले. जेवताना सर उजव्या हाताने हळूहळू घास घेत होते. त्यांच्या वेगाने जेवायचे म्हणून आम्हीही सावकाश जेवलो. अंबाडीची आंबट चव इतकी नीट कधी लागली नव्हती.

परतीला लातूर-नांदेड थेट गाडी मिळाली. आष्टामोडच्या पुढे रस्त्याकडेच्या एका गुऱ्हाळातून धूर निघत होता आणि मागे, लातूरच्या दिशेने झुकत होता. मोठी खिडकीतून ओरडली, "वारा नांदेडहून येतोय!" दुसऱ्या दिवशी तिने हे एका पोस्टकार्डावर लिहून सरांना पाठवले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

हा रस्ता बघायला नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस चांगले. शेते हिरवी असतात, ऊन सोसते, आणि दिवस लहान असल्याने जोहर, अस्र, मगरिब तिन्ही वाटेत येतात. कंधारला जायचे तर सकाळचा वेळ राखून ठेवा. खंदकाच्या काठावर लहान मुलांचा हात सोडू नका. माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत या रस्त्यावर गर्दी असते, मुले बरोबर असतील तर तारखा आधी विचारून घ्या. बायका-मुलींच्या नमाजसाठी एक चादर बरोबर असू द्या. किल्लारी भागात गेलात तर जुन्या गावांच्या जागी फोटो काढत फिरू नका. तिथे अजूनही लोकांची माणसे आहेत. थांबा, दुआ करा आणि पुढे जा.

वाचकहो, मराठवाड्यात क्वचितच असे घर सापडेल, ज्याला कुठल्या तरी गावात निवृत्त होऊन बसलेले एखादे सर, एखादी मॅडम, मक्तबातले एखादे हाफिजसाहेब आठवत नाहीत. आपण त्यांना ईदला मोबाइलवर मुबारकबाद पाठवतो. या हिवाळ्यात जमले तर प्रत्यक्ष जा. मुलांना बरोबर न्या. पूर्ण दिवस काढा. ते कमी ऐकत असतील, कमी बोलत असतील, तेच तेच पुन्हा विचारत असतील, तर त्यांचे वाक्य त्यांनाच पुरे करू द्या. आणि निघण्यापूर्वी घरच्या सुनेला फोन करून किती माणसे येत आहोत ते सांगा, एक डबा आपणही न्या, म्हणजे आपल्या भेटीचा भार तिच्या चुलीवर पडणार नाही.